अर्ध्या तासाचा नकार

केसोन सिटी, ९ मार्च

प्रिय लिगाया,

या पत्रात मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे: सोळा वर्षांपूर्वी, तीस एप्रिलच्या दुपारी, जपानच्या खासदार फुमिए साकाकुरा यांनी तुला आणि तुझ्याबरोबर आलेल्या अकरा मातांना भेटायला नकार दिला नव्हता. येत्या गुरुवारी त्या लिपाला तुझ्या घरी येऊ इच्छितात आणि तू त्यांना दार बंद केले आहेस, म्हणून हे सिद्ध करणे आता पुढे ढकलता येत नाही. आपल्या संसदेच्या शिष्टमंडळ-विनिमय कार्यालयात माझ्या जागी आलेल्या ग्रेचेनने तुझा निरोप मला शब्दशः ऐकवला: "त्या बाईंना सांग, माझ्याकडेही वेळेचा मेळ बसत नाही." बिचारी मला विचारत होती, "सर, यात काही खोच आहे का? त्या हसत हसत बोलल्या, पण मला घाम फुटला." "खोच आहे, पण ती तुझ्यासाठी नाही," एवढेच मी तिला सांगितले.

आपल्या मुद्द्याकडे येण्याआधी माझ्या कामाविषयी थोडे लिहिले पाहिजे, कारण ते काम तू कधी मनावर घेतले नाहीस. दरवर्षी आपले सहा-सात लोकप्रतिनिधी तोक्योला जात आणि तिकडचे तितकेच मनिलाला येत. तू याला 'सरकारी सहल' म्हणायचीस. आईच्या वर्षश्राद्धाला सगळ्या नातेवाइकांसमोर तू थोरल्या भावाची थट्टा करत म्हणालीस, "कुया तिकडे जाऊन वाकायला शिकलाय, इकडे येऊन वाकवायला." सगळे हसले, मीही हसलो, पण मला ते लागले होते. माझी बाजू अशी की दोन देशांचा करार कागदावर होत असला तरी तो पाळला जातो ओळखीवर. एकदा आपल्या केळ्यांच्या तपासणीचा प्रश्न चौदा महिने दोन्हीकडच्या खात्यांत रखडला होता. दावावचे आपले प्रतिनिधी त्या वर्षी माझ्याबरोबर तोक्योला आले होते. दिवसभर कुरकुरत होते की इथे सकाळी मासा, दुपारी मासा आणि तोही थंड. संध्याकाळी जेवणानंतर त्यांनी जपानी संसदेच्या शेती समितीच्या अध्यक्षांच्या हातातून माईक ओढून घेतला आणि दोघांनी मिळून तीन गाणी म्हटली, तिन्ही बेसूर. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दोघे माझ्याशिवाय, फक्त एका दुभाष्याला घेऊन बसले आणि चाळीस मिनिटांत तपासणीची पद्धत ठरली. मी हे स्वतः पाहिले आहे. माणसे एका खोलीत आणून बसवली की काहीतरी हलते, यावर माझा विश्वास होता आणि आजही आहे. पुढे जे लिहिणार आहे ते या विश्वासाच्या उजेडात वाचलेस, तर माझी बाजू अधिक सोपी होत नाही, अधिक कठीण होते.

या कामात एक रीत आहे. ती मला तिकडच्या सचिवालयातील नाकाओ नावाच्या वयस्क अधिकाऱ्यांनी शिकवली. पाहुण्याला कधी 'नाही' म्हणावे लागता कामा नये आणि यजमानाला कधी 'नाही' ऐकावे लागता कामा नये. म्हणून नकार येण्याची शक्यता दिसली की दोन्ही सचिवालयांनी तो आधीच गिळायचा. ती भेट कार्यक्रमपत्रिकेतून निघून जाते आणि दोन्ही बाजूंना सांगितले जाते की वेळेचा मेळ बसला नाही. नाकाओ म्हणायचे, "किरांते-सान, आपण दोघे उशीसारखे. डोकी आपटली तरी आवाज येता कामा नये." आपल्याकडेही कोणाला चारचौघांत लाजवणे हे चोरीहून वाईट समजतात, त्यामुळे ही रीत माझ्या अंगवळणी सहज पडली. तेवीस वर्षांत मी असे किती मेळ बसू दिले नाहीत, हे मला सांगता येणार नाही. त्यांतला एकच मला तारखेसकट आठवतो.

त्या वर्षी मार्चच्या शेवटी तुझ्या जोवेलिनचा निकाल आला. तीन वर्षे ती जपानच्या उत्तरेकडच्या एका गावातील रुग्णालयात मदतनीस म्हणून राबली, म्हाताऱ्यांना अंघोळी घातल्या, आणि रोज पहाटे त्यांच्या भाषेतील नर्सिंगचा अभ्यास केला. परीक्षेची तिसरी आणि शेवटची संधी सहा गुणांनी गेली. नियम असा की आता ऑगस्टमध्ये मायदेशी परत. त्यानंतर आठवड्याभरात तू माझ्या कार्यालयात आलीस, सुक्या माशांची पिशवी माझ्या टेबलावर, फायलींवर ठेवलीस आणि आमच्या टंकलेखिकेने नाक धरले तेव्हा तिला म्हणालीस, "धर, धर. हाच वास घेऊन तुमच्या साहेबाने वकिली पास केली." मग तू अर्ज काढलास. तो मला आजही पाठ आहे. परीक्षेतील अवघड लिपीचिन्हांवर बारीक अक्षरांत उच्चार छापावेत, परक्या मुलींना थोडा जास्त वेळ द्यावा, आणि शेवटच्या संधीत थोडक्यात हुकलेल्यांना आणखी एक वर्ष राहू द्यावे. तू म्हणालीस, "माझ्या पोरीला पाठीवरची जखम धुता येते, भरता येते. फक्त त्या जखमेचं नाव त्यांच्या बाराखडीत वाचायला तिला मिनिटभर लागतं. त्या मिनिटासाठी तिला घरी पाठवतायत." साकाकुरा बाई त्यांच्या संसदेच्या आरोग्य समितीवर होत्या आणि महिनाअखेरीस येणाऱ्या शिष्टमंडळात त्यांचे नाव होते, हे तू वर्तमानपत्रात वाचून आली होतीस. "अर्धा तास, कुया. तुमचे खासदार फोटोच्या रांगेत याच्यापेक्षा जास्त वेळ घालवतात." मी म्हणालो, बघतो. तू म्हणालीस, "बघू नकोस. कर." आणि मी हो म्हणालो.

तीस एप्रिलचा तुझा दिवस मला ठाऊक आहे, कारण तू तो मला अनेकदा ऐकवला आहेस. पहाटेची बस, बारा बायका, चर्चच्या सभागृहात इस्त्रीच्या टेबलक्लॉथवर मांडलेल्या पानसितच्या शेवया, आणि प्रत्येकीच्या मांडीवर आपल्या मुलीचा गणवेशातला फोटो. दोन वाजता यायचे ठरलेले होते. दीड वाजता मी सभागृहाच्या फोनवर तुला सांगितले की पाहुण्यांच्या वेळेचा मेळ बसत नाही, त्यांनी नकार कळवला आहे. तुझ्या मागे कोणीतरी विचारत होते, "आल्या का? उठून उभं राहायचं का?" मग तू मला म्हणालीस, "बरं. मग आणलेलं आम्हीच खातो." आणि फोन ठेवलास. त्या दिवसापासून तू मला कुठल्याही कामासाठी काही मागितले नाहीस. ताप आला तरी शेजाऱ्याला हाक मारलीस.

जोवेलिन ऑगस्टमध्ये परत आली. पुढच्याच वर्षी साकाकुरा बाई दुसऱ्या एका देशात गेल्या, तिथे परत आलेल्या नर्सेसना अर्धा तास भेटल्या, त्यांच्याकडून जुनी प्रश्नपत्रिका मागून घेतली आणि एका मुलीला शेजारी बसवून एक प्रश्न घड्याळ लावून वाचायला सांगितला. त्यानंतर नियम बदलले. उच्चार छापले गेले, वेळ वाढला, वर्षही वाढले. आधीच परतलेल्यांना मात्र ते लागू झाले नाहीत. ती बातमी तू मला कापून पाठवलीस, सोबत एक ओळही न लिहिता. मी ती फाईल केली. आज तुला हे कबूल करतो की त्या दिवशी मी दुपारचे जेवण घेतले नाही. त्याने कोणाचे काही भले झाले नाही, हेही मला कळते.

गेल्या वर्षी माझ्या खुब्याचे ऑपरेशन झाले तेव्हा जोवेलिन औषधांच्या दुकानातली नोकरी सहा आठवडे सोडून माझ्याकडे राहिली. तू तिला अडवले नाहीस, याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. तिचा हात मनगटावर पडला की दुखणे अर्धे होते, हे मी अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाही. ती नाडी मोजताना भिंतीवरच्या घड्याळाकडे बघते आणि ओठांतल्या ओठांत आकडे म्हणते. ते आकडे जपानी असतात. ते तिचे तिलाच ऐकू येत नसावेत. एके दिवशी दुपारी जखम बांधता बांधता तिने या मामाला विचारले, "तितो, त्या दिवशी तुम्ही त्यांच्याबरोबर होता ना? कशा होत्या त्या बाई?" मी म्हणालो, उंच. ती हसली. "एवढंच? तेवीस वर्षं नोकरी केलीत आणि उंच?" मग तिने पट्टीचे टोक चिकटवले आणि म्हणाली, "त्यांच्या जागी मी असते ना, तर मीपण वेळ काढला नसता कदाचित. आम्ही काही त्यांच्या कोणी नव्हतो." पंचेचाळीस वर्षे मी युक्तिवाद करत आलो आहे, लिगाया. त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर होते आणि ते मी दिले नाही.

आता पुरावा. सोबत साकाकुरा बाईंच्या मागच्या महिन्यात आलेल्या पत्राची प्रत जोडली आहे. इंग्रजीत आहे, जोवेलिन वाचून दाखवेल. त्या निवृत्त झाल्या आहेत, हृदयाचे दुखणे आहे, ही खेप झाल्यावर परदेशी प्रवास करू नका असे डॉक्टरांनी सांगितले आहे. त्या लिहितात: 'त्या वेळी त्या मातांना मला भेटायचे नव्हते, हे मी समजू शकले. मुलींच्या अपयशाची चर्चा परक्या माणसासमोर करायला कोणाला आवडेल? तरी त्या दिवशी मी तो अर्धा तास दुसऱ्या कशाला दिला नाही. आता इतक्या वर्षांनी त्यांपैकी कोणी भेटू शकेल का?' हे वाक्य पुन्हा वाच. त्या दुपारी दोन ते अडीच साकाकुरा बाई हॉटेलच्या दालनात माझ्यासमोर बसल्या होत्या, पर्स मांडीवर घेऊन, न पिता थंड झालेल्या कॉफीसमोर. तुझे सभागृह तिथून चार गल्ल्यांवर होते. मध्येच त्यांनी मला विचारले, "त्यांचं मन बदललं तर? आपण नुसतं चालत जाऊन दारात उभं राहिलो तर?" मी म्हणालो की तसे करणे त्यांना लाजवण्यासारखे होईल. त्यांनी मान डोलावली. माझ्यावर विश्वास ठेवला. त्या स्वतः तरुणपणी नर्स होत्या, हे मला त्याच अर्ध्या तासात कळले.

यातून काय निष्पन्न होते ते तुझ्या लक्षात आले असेल. तू विचारशील, का. मी हा प्रश्न स्वतःला सोळा वर्षे विचारला आहे आणि दरवेळी चांगले कपडे घातलेले उत्तर दिले आहे. रीत होती, पाहुण्या अवघडल्या असत्या, ठरलेल्या कार्यक्रमात तक्रारी आणायच्या नसतात. खरे उत्तर लहान आहे. कार्यक्रमपत्रिकेवर शेवटची सही माझी असायची आणि त्यावर अर्जदार म्हणून माझ्या बहिणीचे नाव येणार होते. आपल्याकडे प्रत्येक जण आपल्या माणसांची कामे करून घेतो आणि मी तसे कधी केले नाही, हा माझा अभिमान होता. कार्यालयातले कोणी म्हणेल, बघा, किरांतेने शेवटी भाचीसाठी दोन देशांची संसद वापरली, या कल्पनेने मला रात्रभर झोप लागली नाही. अर्ज मी सहकाऱ्याच्या हाती देऊ शकलो असतो, स्वतः बाजूला होऊ शकलो असतो. पण मग कोणाला तरी विचारावे लागले असते, आणि विचारणे मला जमले नाही. अकरा परक्या बायकांच्या मुलीही त्याच अर्जात होत्या, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आले नाही. बाराही जणींना मी एकट्या तुझ्या नात्याने मोजले.

हे पत्र मी साकाकुरा बाईंसाठी लिहीत नाही. त्यांना मी काल वेगळे लिहिले आहे आणि हेच सगळे सांगितले आहे. जोवेलिनलाही रविवारी समोर बसवून सांगितले. ती म्हणाली, "आईला तुम्हीच सांगा. मी निरोप्या होणार नाही." आणि जाताना माझ्या गोळ्या डबीत भरून गेली. तिला गुरुवारी त्यांना भेटायचे आहे, पण तुझ्या मर्जीविरुद्ध ती तुझ्याच घरात कोणाला बोलावणार नाही. तू सोळा वर्षे चुकीच्या माणसावर रागावली आहेस. तो राग योग्य पत्त्यावर यावा, म्हणून हे लिहिले. दार उघडायचे की नाही ते तू ठरव. मी त्या दिवशी लिपाला येणार नाही, तू बोलावल्याशिवाय यापुढेही येणार नाही. शेवटी, एरवी इतरांकडून घेत आलो तशा शब्दांत, माझे एवढेच निवेदन:

मी, एस्तानिस्लाओ किरांते, मान्य करतो की तीस एप्रिलला फुमिए साकाकुरा यांनी माझ्या बहिणीला भेटायला नकार दिला नव्हता आणि माझ्या बहिणीनेही त्यांना नकार दिला नव्हता. दोघींच्या नावाने सांगितलेले दोन्ही नकार माझे होते.

तुझाच,
कुया तानिस