केरव्याच्या काठची सून

१८ नोव्हेंबर, सोमवार

आलो एकदाचा. बाबांची जुनी स्कूटर, मागे गादीची वळकटी, पुढे पायांत कपड्यांची बॅग. सोनागिरीपासून केरवा धरणाच्या रस्त्याला लागेपर्यंत इंजिनाने दोनदा मान टाकली. पण फाटकातून आत शिरलो आणि तोंडातून ‘क्या बात है’ निघालंच. कुणी इंग्रज इंजिनिअर होता म्हणे, त्याने आपल्या गावाकडच्या जमीनदाराची कोठी डोळ्यांसमोर ठेवून हा बंगला बांधला. पुढे उंच पांढरे खांब, दोन्ही बाजूंना मोजून-मापून सारख्या खिडक्या, दारावर जपानी पंख्यासारखी उघडलेली काच. बैठकीत शेकोटीसुद्धा आहे. भोपाळात शेकोटी! साहेबाला इथला मे महिना कुणी सांगितला नसावा.

मृणालमावशी म्हणजे आईची शाळेतली मैत्रीण, इंदूरची मोठी आर्किटेक्ट. पडायला आलेला हा बंगला तिने घेतला, चुन्याच्या गिलाव्यापासून सागवानी जिन्यापर्यंत सगळं पूर्वीसारखं उभं केलं, आणि आता विकायला काढलाय. साहेब एकटाच राहिला, एकटाच परत गेला. मग इथे सरकारी कचेरी होती, मग बियाण्यांचं गोदाम, मग नुसती वटवाघळं. मावशी गिऱ्हाइकांना सांगते, या घरात आजवर कुणी संसार केलेला नाही, म्हणजे आत शिरलेलं भांडण नाही की रडणं नाही. बोलण्यात मावशीचा हात कुणी धरणार नाही.

माझं काम सोपं आहे. घर दाखवायचं आणि घरात राहायचं. रिकामं घर विकत नाही, असं मावशीचं पक्कं मत. म्हणून टेबलावर दोन कप मांडायचे, पलंगावर दोन उशा, परसात दोरीवर साड्या वाळत, दाराशी पुरुषाच्या चपलांशेजारी बाईच्या चपला. कपाटावर शोभेला पितळी माप ठेवलंय. संक्रांतीपर्यंत घर गेलं तर मावशी मला इंदूरच्या ऑफिसात कायमची नोकरी देणार आहे.

मग मी जवाहर चौकात जुईच्या बाबांच्या, अनंतकाकांच्या दारात ताठ मानेने उभा राहीन. मागच्या वेळी ते म्हणाले होते, तिसऱ्या वर्षाला कॉलेज सोडणाऱ्याला मी भाडेकरू म्हणूनही ठेवणार नाही. सरांची कॉलर धरली म्हणून सोडावं लागलं, हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. तुळशीचं लग्न झालंय, आता जुईसाठी स्थळं बघणं सुरू होईल. पुण्याचा एक मुलगा आधीच रांगेत आहे. येऊ दे त्याला. त्याचीही कॉलर असेलच.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

आज दोन पार्ट्या आल्या. एका दलालाने शेकोटीत पानाची पिंक टाकली. मी त्याला बाहेर काढला, म्हणजे अक्षरशः दंडाला धरून. मावशीचा फोन आला, निखिल, डोकं जरा फ्रीजमध्ये ठेवून येत जा.

सकाळी केरव्यावर धुकं असतं. खिडकीत बसून जुईला मेसेज लिहितो आणि पुसतो. दाराशी त्या बाईच्या चपला दिसल्या की उगीच बरं वाटतं. साडेपाच नंबरच्या वाटतात, जुईचाच नंबर. रविवारी ये म्हणून मागे लागलोय. घर बघायला ये, मला बघायला नको येऊस, असंही म्हटलं. ती म्हणाली, घरच बघेन मग.

२४ नोव्हेंबर, रविवार

आली! मैत्रिणीकडे जाते सांगून, स्कूटीवर, तोंडाला ओढणी गुंडाळून.

मला काय सुचलं कोण जाणे. कपाटावरचं ते पितळी माप घेतलं, तांदळाने भरलं आणि उंबऱ्यावर ठेवलं. म्हटलं, नव्या नवरीसारखी ओलांडून ये. ती आधी हसून हसून खाली बसली. म्हणाली, वेडा आहेस तू, हे इंग्रजाचं घर आहे, तो वरून बघत असेल तर घाबरेल. मग उठली, ओढणी डोक्यावर घेतली आणि अगदी हळू, उजव्या पायाने माप लवंडलं. त्या क्षणी ती इतकी खरी दिसली की ही थट्टा चाललीय हे मी विसरलोच.

मी म्हटलं, आता नाव घे. ओढणी चाळवत ती म्हणाली:

‘केरव्याच्या काठाला कोवळं कोवळं ऊन,
नाव घेते मी आता या घरची सून.’

मी म्हटलं, नाव कुठाय यात? तर म्हणते, तुझं नाव नोकरी लागल्यावर. तोवर जागा रिकामी. आणि जीभ दाखवली.

तांदूळ मापात होता त्या मानाने फार लांब सांडला होता. जिन्यापर्यंत. दोघांनी मिळून गोळा केला, पण माप काही भरेना. ती म्हणाली, साहेबाने खाल्ला असेल.

संध्याकाळ व्हायच्या आत निघाली. उंबऱ्यात थांबून मागे वळून बघितलं, काहीतरी विसरल्यासारखं. विचारलं तर म्हणाली, काही नाही, सगळं घेतलंय.

२५ नोव्हेंबर, सोमवार

इंदूरचं एक जोडपं आलं होतं. मला वरच्या खोल्यांच्या किल्ल्या सापडेनात, म्हणून ती दोघं खाली बैठकीत बसून होती. जाताना बाई म्हणाल्या, तुमच्या मिसेसच्या हातचा चहा छान होता हो, आलं घातलेला. मी हसलो. टेबलावरच्या दोन्ही कपांच्या तळाशी ओली चहापत्ती होती.

चहा तर मी केला नव्हता. बहुतेक त्यांच्याच ड्रायव्हरने केला असेल.

पण ‘मिसेस’ शब्द दिवसभर कानात गोड वाजत होता. खोटं का बोलू.

२७ नोव्हेंबर, बुधवार

जुईचा फोन लागत नव्हता, आज लागला. आवाज कसातरी, विहिरीच्या तळातून आल्यासारखा. रविवारबद्दल बोलायला लागलो तर विचारते, कुठे आले होते मी? मला वाटलं, पुण्याच्या मुलाचं जमलं आणि आता हिला काही आठवायचं नाहीये. मी खूप बोललो. नको ते बोललो. शेवटी ती एवढंच म्हणाली, कशालाच चव लागत नाहीये रे निखिल. मी फोन आपटला. स्क्रीनला तडा गेला.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी दूध आणायला गेलो होतो. परतलो तर परसात जुई. दोरीवरची साडी नेसलेली, दुसरी झटकून वाळत घालत होती. तिने आयुष्यात कधी साडी नेसलेली नाही, कॉलेजच्या साडी डेलासुद्धा नाही. दूध पायरीवर तसंच ठेवून मी धावलो. भांडण मिटवायला आलीय, मला चकित करायला आलीय. तिने चहा केला, आलं घालून. आम्ही समोरासमोर बसलो. ती फार बोलली नाही, फक्त घरभर बघत होती, एखादी बाई आपल्या घराकडे बघते तशी. फाटकाशी स्कूटी नव्हती. मला विचारायचं सुचलं नाही.

ती स्वयंपाकघरात गेली तेव्हा गंमत म्हणून तिच्या मोबाइलवर रिंग दिली. आतून वाजेल, ती दचकेल, मी हसेन.

फोन गिरीशने उचलला. तिचा मोठा भाऊ. म्हणाला, परत फोन केलास तर तंगडं तोडीन, जुईला ताप आहे, डॉक्टर समोर बसलेत, ती समोर पलंगावर आहे.

आत भांड्यांचा आवाज येत होता.

मी उठून बघितलं. ती पाठमोरी होती. पोळ्या लाटत होती.

१ डिसेंबर, रविवार

तिला विचारलं, तू कोण आहेस. ती हसली. जुईच आहे. डाव्या भुवईतला तीळ, बोलताना ओढणी चाळवायची सवय, पदर चाळवते आता. पण माझं नाव ती घेत नाही. ‘अहो’ही म्हणत नाही, ‘ए’ही म्हणत नाही.

हात धरून दारापर्यंत नेलं. हात थंड नव्हता. थंड असता तर बरं झालं असतं. उंबऱ्याशी तिचे पाय थांबले. मी ओढलं, रडलो, ओरडलो. ती मलाच समजावायला लागली, शांतपणे, मोठ्या बाईसारखी.

“माहेरचं कुणी न्यायला आल्याशिवाय सून उंबऱ्याबाहेर कशी जाईल? कुणाला तरी पाठवायला सांगा ना आईला.”

हे शेवटचं म्हणताना तिचा आवाज थरथरला. तेवढाच माझ्या जुईचा होता. तिला घरी जायचंय.

३ डिसेंबर, मंगळवार

जवाहर चौकात गेलो. ठरवून गेलो होतो, पाय धरायचे, काही ऐकून घ्यायचं, तोंड उघडायचं नाही. अनंतकाकांनी दारातच अडवलं. त्यांच्या खांद्यावरून आत दिसली. भिंतीला टेकून बसलेली. तिची आई, विजयाकाकू, तिला भात भरवत होत्या आणि तो तोंडात तसाच राहत होता. डोळे उघडे. ज्या घरातून माणसं निघून गेलीत त्या घराच्या खिडक्या असतात तसे.

मी सांगितलं. माप, उखाणा, सगळं. म्हटलं, तुमच्यापैकी कुणीतरी एकदा या, फक्त तिला न्यायला आलोय म्हणा. काका ऐकत होते, खरंच ऐकत होते. विजयाकाकूंचा हात भाताच्या वाटीत थांबला होता. पण गिरीश मागून म्हणाला, चरसी आहे हा, आणि ह्याच्या आईबापाने –

मी त्याची कॉलर धरली. मग काय व्हायचं ते झालं. गल्लीतल्या लोकांनी मला बाहेर काढलं.

एक मिनिट. एक मिनिट गप्प बसलो असतो तर.

५ डिसेंबर, गुरुवार

इंदूरचं जोडपं घर घेतंय. मावशीचा आनंदाने फोन. बाई म्हणे सारखं सांगत होत्या, किती भरलेलं वाटतं ते घर. माझी नोकरी पक्की. ‘आता जा सांग तुझ्या त्या मुलीला.’

सांगितलं. तिने मान हलवली. चूल आवरत होती.

आईशी बोललो. ती म्हणते, घरी ये आधी. कसा जाऊ? मी गेलो तर इथे तिच्याशी बोलणारं कोण – 

घरात आता वास येतो. फोडणीचा, उदबत्तीचा, बाळंतशेपांच्या धुरीचा. वर कुणीतरी चालतं. मी खाली असतो, ती माझ्यासमोर असते.

७ डिसेंबर, शनिवार

नीट लिहितो. लिहिलंच पाहिजे.

सकाळपासून ती तयारी करत होती. वेणी घातली. साडीची घडी केली, पिशवी भरली, दारात येऊन बसली. मला कळेना कशासाठी.

मग मोटारसायकलचा आवाज. गिरीश. फाटकातूनच ओरडत आला. शिव्या. बाबांना, आईला. हातात काहीतरी लांबडं होतं, मला वाटलं हॉकी स्टिक. मला वाटलं मारायलाच आलाय. मागे कपाटावर ते माप होतं. मी विचार केला नाही. मी कधी विचार केलाय?

पितळेचा आवाज झाला. तो खांबाशी बसला, कपाळ धरून. मग उठला, गाडीवर बसला आणि गेला.

फाटकाशी त्याच्या हातातलं पडलं होतं. गुंडाळी केलेली नवी साडी, लांब कागदी नळीत. शेजारी पिशवी. नारळ. खण. हिरव्या बांगड्या. डबाभर लाडू, झाकणावर विजयाकाकूंच्या हातचं दोऱ्याचं बांधणं.

लेकीला सासरहून न्यायला येताना घेऊन येतात ते.

काकूंनी पाठवला होता त्याला. शिव्या देत का होईना, तो आला होता. न्यायला आला होता.

मागे वळलो. ती उंबऱ्याच्या आत उभी होती, पिशवी हातात. तिने सगळं बघितलं होतं. पिशवी खाली ठेवली. आत गेली. थोड्या वेळाने पोळ्या लाटायचा आवाज यायला लागला.

८ डिसेंबर

गिरीशचा फोन. एकच वाक्य.

गेली. पहाटे.

शिवीसुद्धा दिली नाही. दिली असती तर – 

आत ती हसतेय. असं मोकळं हसताना मी तिला कधी – एकदाच. त्या रविवारी.

धावत आत गेलो. तिने पदर सावरला. परक्या माणसासमोर सावरतात तसा.

“कुणाकडे आलात आपण?”

मी म्हटलं, मी, निखिल. तिने आतल्या बाजूला बघितलं. विचारून सांगते म्हणाली.

९ डिसेंबर

पायरीवर बसून लिहितोय. दार आतून लोटलेलं. माझी गादी, कपडे बाहेर ठेवलेत. नीट घडी करून. दाराशी दोन जोड. बाईच्या तिच्या. पुरुषाच्या माझ्या नाहीत. जुने चामडी बूट, उंच, साहेबी, चुन्याने पांढरे – 

परवा चेपलेलं माप पुन्हा कपाटावर. काचेतून दिसतं. काठोकाठ भरलेलं.

दिवे लागलेत. मी लावले नाहीत. आत बायका. किती – आवाजांवरून खूप. बांगड्या. हळदीकुंकवाला जमतात तशा. या घरात कधी कुणी – 

म्हणतायत, नाव घे, नाव घे. ती लाजतेय. मला तिचं लाजणं माहीत आहे.

जागा रिकामी ठेवली होती तिने. माझ्यासाठी. तीच म्हणाली होती. नोकरी लागल्यावर. जुई, लागली गं नोकरी. जुई –

सगळ्या गप्प झाल्या. कुणीतरी घसा खाकरला. पुरुषाने.

केरव्याच्या काठाला कोवळं कोवळं ऊन

घेतेय. ती नाव घेतेय. ते माझं न