व्याह्यांची ट्रायल राहून गेली

६ सप्टेंबर २००३
बँकेतला साहेब म्हणाला, धंदा एवढा झाला तर हिशेबाला सी.ए.ची सही लागती. एवढा झाला! सातपूरला एका जुन्या लेथवर सुरू केलं, आज सहा चालतात. सातवी नापास माणसाचं हाय हे.
पण अकरा वर्षं टॅक्सचे कागद माझ्या लेकीचे, मंगलचे सासरे भरतात. पोस्टातून रिटायर. सी.ए. नाय.

८ सप्टें.
इगतपुरीला व्याह्यांना फोन. पाव्हणे म्हणतात, "अण्णा, टेन्शन नका घेऊ. सही मी आणतो कुणा सी.ए.ची तरी. तो बघत पण नाय, ठोकतो."
न बघता? माझ्या शॉपमधून न मोजता बुशसारखा साधा पार्ट पण बाहेर जात नाय.
चूक माझीच. लेथवर टर्नर घेताना, कितीबी जुना असो, आधी रॉड अन् ड्रॉइंग देऊन ट्रायल घेतो. माप न घेता मशीन चालू केलं की घरी. पण पोरगी दिली त्या घरची ट्रायल कोण घेणार?

११ सप्टें.
कॉलेज रोडला सी.ए. मॅडम. मंगलच्या वयाची. बसायच्या आधीच म्हटलं, सर्टिफिकेट दाखवा, मेंबर नंबर द्या. सोबत आलेल्या बायकोनं कोपर मारलं, "आता त्यांना पण लेथवर उभं करता का?"
मॅडम हसल्या. नंबर दिला. "तपासा काका, मग या."

१५ सप्टें.
तपासला. बरोबर. परत गेलो, म्हटलं करा सही.
"सगळी बिलं बघितल्याशिवाय पेन उघडणार नाही."
पास! आधी माप, मग कट.

२१ सप्टें.
इगतपुरी. फोनवर सांगायची गोष्ट नाय. तोंडावर सांगितलं, उसनी सही नको, कागद आता मॅडमकडं. पाव्हण्यांनी चहा अर्धा ठेवला. मग आतून माझ्या बिलांचे गठ्ठे आणले. वर्षावार, सुतळीनं बांधलेले. निघताना मी म्हटलं, दिवाळीला या. "बघू."
मंगल फाटकापर्यंत आली. "अण्णा, बरं केलं. इथलं मी बघते." पोरगी माझी!

५ ऑक्टो.
मॅडम विचारतात, इतके नीट कागद ठेवले कुणी? एक बिल गहाळ नाय. छाती फुगवून सांगितलं, आमच्या व्याह्यांनी.
लगेच फोन लावला. मंगलनं हाक मारली, पाव्हणे लय वेळानं आले.
"काय कमी पडलं?"
"काय नाय. मॅडमनी तुमचं नाव विचारलं."
पाव्हण्यांनी फोन ठेवला नाय. मी पण नाय ठेवला.