पचौलीचे तेल पोटात घेऊ नये

मी, भागीरथा, कैलासवासी वारलू भोयर यांची विधवा, वय अंदाजे साठ, धंदा पचौलीचे तेल काढणे, राहणार मौजा ऐनटोला, तहसील गडचिरोली, जिल्हा चांदा, आज स्वतःच्या अंगणात बसून हे मृत्युपत्र सांगत आहे आणि आरमोरीचे अर्जनवीस गुणवंतराव ते लिहून घेत आहेत. पोटातल्या गाठीने शरीर खंगले असले तरी बुद्धी जागेवर आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून भुलवलेले नाही. भुलवायला घरात कोणी उरलेलेही नाही. याआधी मी असा कागद केलेला नाही.

१. माझे दोन खोल्यांचे कौलारू घर आणि ओढ्याकाठची बागेची जागा मी माझी नात मनकर्णा हिला देते. ती सहा वर्षांची आहे. ती जाणती होईपर्यंत ब्रह्मपुरीचे अत्तराचे व्यापारी जलालुद्दीनभाई यांनी या मिळकतीची देखरेख करावी. मनकर्णाचा बाप देवाजी याच्याकडे ही देखरेख देऊ नये. जावई वाईट माणूस नाही. बापापुढे तोंड उघडत नाही, एवढेच. एवढ्यानेच माझी एकुलती लेक रंभा गेली.

२. तेल काढण्याची तांब्याची डेग, वाफ निवून तेल जमते तो भपका आणि दोन्हींना जोडणारी नळी जलालुद्दीनभाईंना द्यावी. वारलू वारले त्या वर्षी हेच भाऊ दक्षिणेतून पचौलीच्या फांद्या ओल्या पोत्यात गुंडाळून घेऊन आले होते. म्हणाले, "बाई, याले ऊन नको. सावली अन् ओल पायजे, बस." मी आंब्याखाली लावल्या, त्या रुजल्या. हिरव्या पानाला फारसा वास नसतो. पान सावलीत वाळवून, दाबून ठेवले की आतल्या आत उबते, मग वास उठतो. तेल दाट, तपकिरी निघते. ओल्या मातीचा वास आणि त्यात थोडा कापूर. नवे तेल नाकाला टोचते, जुने होईल तसे निवत जाते. माणसाचे उलटे असते.

घरातल्या सगळ्या बाटल्या भाऊंनी विकून पैसे मनकर्णाच्या शिक्षणाला लावावे. मात्र प्रत्येक गिऱ्हाइकाला तोंडाने सांगावे: आरमोरीचे कोष्टी याची पाने कोशाच्या रेशमी लुगड्यांच्या घडीत ठेवतात, कसर लागत नाही. मोगऱ्याच्या अत्तरात थेंबभर घातले तर उडणारा वास अंगावर टिकतो. तिळाच्या तेलात मिसळून टाचेच्या भेगांना लावावे. ताप उतरवण्याचा गुण यात नाही. पोटात घेऊ नये.

३. नथ्थू, देवाजीचा बाप, माझा व्याही, वैनगंगेच्या घाटावर डोंगा चालवतो. त्याला मी काहीही देत नाही. कारण इथे लिहून ठेवते.

टाचेला लावायला मी त्याला एक बाटली दिली होती. भेगा भरल्या. तेव्हापासून तो डोंग्यात बसणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागला, हे तेल पोटदुखीवर चालते, खोकल्यावर चालते, तापावर चालते. मी दोनदा घाटावर जाऊन त्याला अडवले. तो हसून म्हणायचा, "बाई, तुमच्या हाताले जस आहे. तुमाले नाई समजत."

दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात रंभाला ताप भरला. मला निरोप आला नाही. आरमोरीच्या बाजारात त्यांच्या शेजारणीने सांगितले तेव्हा कळले. मी तशीच त्यांच्या घाटावरच्या घरी गेले. रंभाचे अंग भाजत होते आणि तिच्या तोंडाला माझ्या तेलाचा वास येत होता. देवाजी उशाशी बसून होता. नथ्थू चमच्यात तेल आणि साखर कालवत होता.

मी म्हटले, "डोंगा काहाड. ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात नेऊ."

"सकाळी घाम आला होता तिले, बाई. उतरून राह्यलाय ताप. नदीले पूर आहे."

"देवाजी, तू सांग तुह्या बापाले."

देवाजी म्हणाला, "बाबा म्हणतात उतरते म्हणून."

मी रंभाला आधार देत नेऊन डोंग्यात निजवले आणि दोर सोडला. तेव्हा नथ्थू धावत आला आणि त्याने वल्हे हातात घेतले. पात्राच्या मधोमध रंभाने माझा हात सोडला. पलीकडचा काठ दिसत होता. नथ्थू तरीही वल्हवत राहिला, पार काठाला लागेपर्यंत.

तो खोटे बोलला असता तर मी त्याला शिव्याशाप देऊन मोकळी झाले असते. पण त्याला ते खरेच वाटत होते. उरलेले तेल रात्री तो स्वतः प्यायला आणि तीन दिवस ओकत राहिला, असे मी ऐकले. त्याने माझे काहीही हलके झाले नाही.

४. रंभाची पेटी ती गेल्यावर माझ्याकडे आली. तिच्यात तिची लुगडी आणि चोळ्या आहेत. कसर लागू नये म्हणून घड्यांत पाने मीच ठेवली होती. तिच्या अंगाचा वास मिळेल म्हणून मी पेटी उघडते. लुगडी नव्यासारखी आहेत. वास मात्र फक्त पचौलीचा येतो. धुतली, वाऱ्यावर टाकली, तरी जात नाही. लेकीचा वास त्याखाली होता की नाही, हेही आता मला आठवत नाही. पेटी माझ्याबरोबर जाळावी. मनकर्णाला देऊ नये.

५. बाग मुळापासून उपटावी. जलालुद्दीनभाई आता इथेच बसून म्हणाले, "बाई, झाडाचा काय गुन्हा?" गुन्हा नाही. पण मला ती उरायला नको. गुणवंतरावांना मी सांगितले, कारण नका लिहू, हुकूम लिहा.

साक्षीदारांबद्दल. गाव धानाच्या कापणीला गेले आहे. पहिली साक्ष गुणवंतराव स्वतः देतात. भाऊंना डेग मिळते, म्हणून त्यांची साक्ष नको, असे गुणवंतराव म्हणाले. या कागदाने ज्याला काही मिळत नाही असाच माणूस पाहिजे. भाऊंना नदीपलीकडून डोंग्यात घेऊन आलेला नथ्थू सकाळपासून कुंपणाबाहेर उभा होता. त्याने सगळे ऐकले होते.

तो आत आला नाही. तिथूनच म्हणाला, "मले काई भेटून नाई राह्यलं, बाई. मी देतो आंगठा."

गुणवंतरावांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "त्याले आत बोलवा."

मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.

मौजा ऐनटोला, ता. २३ नोव्हेंबर १९५८

भागीरथा वारलू भोयर (डाव्या हाताचा आंगठा)

साक्षीदार:
१. गुणवंतराव, अर्जनवीस, आरमोरी (सही)
२. नथ्थू, डोंगेवाला, मयत रंभाचा सासरा (डाव्या हाताचा आंगठा)