उजव्या बाजूचा आकडा

१४ जुलै, सोमवार. संकष्टी.
आज हृदयाची सोनोग्राफी झाली. जिना चढताना जरा दम लागतो, एवढंच. तेही ह्यांनी डॉक्टरांना सांगितलं, मी नाही. रिपोर्टात निघालं की हृदयाच्या उजव्या बाजूचं प्रेशर बासष्ट. पस्तीसच्या आत पाहिजे. डॉक्टर म्हणाले, हा अंदाजाचा आकडा. खरा आकडा मानेतल्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन मोजायचा. तो कळला की पुढच्या चार-पाच वर्षांत धोका किती ते सांगता येतं, औषधही ठरवता येतं. तारीख २९ जुलै.
म्हणजे पंधरा दिवस हातात आहेत. मॅट्रिकला गणिताचा पेपर असाच पंधरा दिवसांवर होता, बहात्तर मिळवले. तिथं चढवायचे होते, इथं उतरवायचे. उतरवणं सोपं.
निश्चय: मीठ बंद. लघवीची गोळी रोज. नळी घालायच्या आत आकडा पस्तीस.

१५ जुलै
वरण अळणी, भाजी अळणी. हे दोन घास खाऊन म्हणाले, पेशंट तू आहेस ना? म्हटलं, दोन माणसांच्या घरात दोन स्वयंपाक शोभत नाहीत. मग दोघांनी लोणचं घेतलं. लोणच्यातलं मीठ मागच्या उन्हाळ्यातलं. ते यात धरायचं नाही.

१६ जुलै
ह्यांचं बीपीचं मशीन कपाटात पडून होतं. सेल संपलेले. नवे कशाला, टीव्हीच्या रिमोटचे दोन आणि भिंतीवरच्या घड्याळांचे दोन काढून घातले. (म्हणून आता वेळ लिहीत नाही.)
हे नेहमी डाव्या हाताला पट्टा बांधतात, म्हणजे ती डाव्या बाजूची तपासणी. मी उजव्या हाताला बांधला. वरचा आकडा १३२, खालचा ८०. बासष्टच्या जवळचा खालचा, तेव्हा आपला तोच. पण ऐंशी! दोन दिवसांत अठरा चढले. लोणचं बंद.
थांबून पुन्हा घेतलं, ७६. तिसऱ्यांदा ७४. तो लिहिला. रोज तीनदा घ्यायचं आणि सगळ्यात कमी तो खरा धरायचा.
ह्यांना सांगितलं नाही. उगाच काळजी करतील. शिवाय टीव्ही लागत नाही म्हणून चिडलेत.

२१ जुलै, सोमवार. एकादशी.
७०. उपवासानं उतरतो हे माझं मलाच सापडलं. खिचडीत सैंधव घातलं. ते उपवासाला चालतं, म्हणजे ते मीठ नव्हे.
गोळी आज घेतली नाही. दुपारी शेजारच्या चतुराबाईंकडे भजन होतं. गोळी घेतली की दर वीस मिनिटांनी उठावं लागतं, आणि ऐन गजरात उठून जाणं बरं दिसत नाही. गुरुवारीही असंच झालं. आणि शनिवारी.
पाय सुजलेत. नव्या चपलांनी.

२६ जुलै, शनिवार
कॅलेंडर पाहिलं. २९ला नागपंचमी! त्या दिवशी आम्ही भाजीसुद्धा चिरत नाही, तवा चढवत नाही, आणि मान पुढं करायची? लगेच दवाखान्यात फोन. काउंटरवरची मुलगी म्हणाली, मावशी, हे चिरणं नाही, टोचणं आहे. मी म्हटलं, शिरेतून नळी घालायची म्हणजे बिळात काठीच घालायची की नाही? तिनं फोन दुसऱ्या कुणाला दिला. त्यानं हसू दाबत २१ ऑगस्ट दिली.
देवानंच सवड दिली. तेवीस दिवस जास्तीचे.
हे जेवताना ताट अर्धं टाकून उठले. अळणीचा राग असावा.

४ ऑगस्ट, श्रावणी सोमवार
६२! मशीन बरोबर आहे याचा हा पुरावाच. डॉक्टरांचा आकडा आणि माझा आकडा एक झाला. आता इथून खाली.
उठताना डोळ्यांपुढं अंधारी येते. वही मागे चाळून पाहिली, अंधारी येते त्या दिवशी आकडा कमी असतो. म्हणजे अंधारी गुणकारी आहे.
निश्चय: सोमवारच्या जोडीला शनिवारही निर्जळी.

१० ऑगस्ट
५६. कपडे वाळत घालताना मधे दोनदा बसले. हे म्हणाले, डॉक्टरांना फोन करू. म्हटलं, परीक्षेच्या आधी कुणी मास्तरांना भेटतं का?

१६ ऑगस्ट, शनिवार
खुलताबादला भद्रा मारुतीला जाऊन आले. चतुराबाई आणि त्यांच्या गावाकडच्या बाया रात्रभर चालत गेल्या. मी सकाळी एसटीनं गेले. त्या स्टँडवर थांबल्या होत्या. तिथून देऊळ ते किती. तेवढं पायी जायचं, मारुतीरायाच्या समोर पस्तीस मागायचे, असं ठरवलं होतं.
गर्दी फार. गर्दीमुळे चारदा थांबावं लागलं. चौथ्यांदा एका नारळवाल्याच्या पोत्यावर बसले. चतुराबाई रात्रभर चाललेल्या, तरी कमरेवर हात ठेवून उभ्या. म्हणाल्या, व्हय गं सरू, मारुतीरायानं एका उडीत समुद्र वलांडला अन् तुला नारळवाल्यापून फुलवाल्यापतुर जाईना? मी हसले. त्या नाही हसल्या. खाली बसून माझं पाऊल मांडीवर घेतलं, नडगीवर बोट दाबलं. खड्डा पडला तो भरेचना. म्हणाल्या, ही चप्पल लई गुणाची दिसती, गुडघ्यापतुर चावती.
दर्शन त्यांनीच घेतलं माझ्या वाटचं. पस्तीस मागा म्हणून सांगितलं होतं. परत येऊन म्हणाल्या, मला आकडे कळत नाय, मी नुसतं तुला मागितलं.

१८ ऑगस्ट, सोमवार
४८!! वरचा ८२. पन्नाशीच्या आत. तीन दिवसांत पस्तीस सहज. ओट्यावर वही ठेवून उभ्यानंच लिहितेय, ह्यांना आता हाक मारून सांगते की

१९ ऑगस्ट. दवाखाना.
काल पडले. हे म्हणतात हाक ऐकू आली नाही, नुसता आवाज आला.
आज वही मागवून घेतली आणि डॉक्टरांच्या हातात दिली. महिन्याच्या वर रोजचे आकडे, रेघा पट्टीनं मारलेल्या. त्यांनी सगळी पानं उलटली. मग स्टूल ओढून बसले. म्हणाले, आजी, पट्टा डाव्या हाताला बांधा की उजव्या, तो डाव्या बाजूचंच प्रेशर दाखवतो. वरचाही आणि खालचाही. उजवी बाजू रक्त फक्त फुफ्फुसाकडे ढकलते, ते बाहेरून पट्ट्यानं कळत नाही. म्हणून तर नळी.
मी विचारलं, मग इतके दिवस मी काय उतरवत होते?
म्हणाले, स्वतःला.
सैंधव हेही मीठच, असं म्हणाले. निर्जळी बंद. न घेतलेल्या गोळ्यांचं पाणी पायात साठलंय, म्हणाले. चपलांचं मी काढलं नाही.
हे खिडकीपाशी उभे होते. रिमोटचं आता कळलं असेल. रागावले असते तर बरं झालं असतं.

२१ ऑगस्ट, गुरुवार. दुपार.
झालं. मान बधिर केली होती, दुखलं नाही. बाजूला टीव्हीसारखा पडदा, त्यावर हिरवी रेघ उड्या मारत होती. मी रामनाम सुरू केलं. रेघेला काही फरक पडला नाही. श्वास घेतला की हलायची, सोडला की हलायची. मी श्वास धरून पाहिला, तर सिस्टर ओरडली, मावशी, नेहमीसारखा घ्या. नेहमीसारखा कसा घेतात ते आठवेना.
म्हटलं, डॉक्टर, पाच मिनिटं पडू द्या, मग परत घ्या. त्यांनी तीनदा घेतलं. पण तीनांत कमी कुठला ते विचारलं नाही. सरासरी काढली. आकडा इंग्रजीत बोलून कागदावर लिहिला आणि कागद बाहेर ह्यांच्याकडे गेला.
हे बऱ्याच वेळानं आत आले. तोंड धुऊन आले होते, शर्टाची कॉलर ओली. विचारलं, किती आला? म्हणाले, ठीक आहे, औषधं आहेत त्यावर. म्हटलं, पण किती? म्हणाले, डॉक्टर संध्याकाळी बोलणार आहेत, सगळं सांगतील. मग माझ्या पायावरची चादर सारखी केली. ती सारखीच होती.
जरा वेळानं म्हणाले, गौरी दहा दिवसांवर आल्या. म्हटलं, हो. म्हणाले, ते मुखवटे कुठं असतात गं? नाही, आपलं माहीत असावं म्हणून.
अडतीस वर्षांत ह्यांनी कधी विचारलं नव्हतं.
सांगितलं. माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत, जुन्या धोतरात गुंडाळलेले. थोरलीचा मुखवटा उजवीकडे. नाकाला धक्का लावू नका.
हे पुटपुटत पाठ करत होते. मी त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.