आतला जिना

आई, आज आपल्या घरातला आतला जिना काढला. स्लॅबमधल्या भोकाच्या कडा फोडून नव्या सळ्या बांधून ठेवल्यात, उद्या काँक्रीट ओतून ते बुजवतील. तुला सांगितल्यावाचून राहवेना.

हे घर बांधलं तेव्हा कोथरूड गावाबाहेरच होतं. स्लॅबच्या दिवशी तू माणसांसाठी पोहे घेऊन आलीस आणि थेट शिडीवरून वर चढलीस. फळ्या ठोकलेल्या, सळ्या बांधलेल्या, आणि जिन्याला जागाच नाही! बाबांनी परस्पर ठरवलं होतं, वर भाडेकरू ठेवायचा आणि जिना बाहेरून काढायचा. तू स्वयंपाकघराच्या बरोबर वर जाऊन उभी राहिलीस. "जिना इथून येईल. त्याशिवाय मी उतरणार नाही." ठेकेदाराने कपाळाला हात लावला. "वहिनी, आता सळ्या कापाव्या लागत्याल. भोकाच्या चारी अंगाला जादा सळई बांधायची, फळ्यांची चौकट ठोकायची, मग माल टाकायचा." "मग बांधा की. आधी पोहे खा." बाबा खालून म्हणाले, "वा! म्हणजे भाडेकरू आपल्या फोडणीतून वर जाणार." तेव्हा तू म्हणालीस, "उद्या लेक माहेरी आली तर तिने भाडेकरणीसारखं बाहेरून चढायचं का?" माझं लग्न नुकतंच ठरलेलं. मला असा राग आला! अक्षता पडायच्या आधीच मला परत आणतेस, असं फणकाऱ्याने म्हणालेही. तू मात्र चौकट ठोकून होईपर्यंत हलली नाहीस.

तू गेल्यानंतर काही वर्षांनी मी खरंच परत आले, कायमची. बॅग घेऊन स्वयंपाकघरातून वर निघाले, तर धाकटा एवढंच म्हणाला, "ताई, चहा वर आणू की खाली येतेस?" त्या दिवशी तुझ्या आठवणीने खूप रडले.

आता त्याच्या मुलाचं लग्न झालंय. नव्या सुनेला स्वयंपाकघरातून सारखी कुणाची ये-जा अवघड वाटते, तिचंही काही चुकत नाही. म्हणून बाहेरून लोखंडी जिना बसवलाय. हे विचारायला धाकटा वर आला होता तेव्हा बराच वेळ नुसता पंख्याकडे बघत बसला. "ताई, तुझी हरकत नसेल तर..." त्याचा चेहरा बघवेना. मी म्हटलं, "बरंच झालं की रे. तो जिना फार उभा आहे, माझे गुडघे दुखतात." त्याचा जीव भांड्यात पडला. संध्याकाळी गुडघ्यांना चोळायला तेल घेऊन आला.

हे त्याच्या हाती लागायला नको, म्हणून लिहून झालं की फाडून टाकीन. मला बाहेरून चढायचं नव्हतं. माझे गुडघे ठणठणीत आहेत, आई.