मागच्या काचेवरची पिल्लं

४ फेब्रुवारी

घरच्या प्रवाळाच्या टाकीत मागच्या काचेवर पांढरे ठिपके! आरसा आत घालून पाहिले. मी कामाला जाते त्या दातांच्या दवाखान्यात दाढेमागे बघायचा दांडीचा गोल आरसा, त्यातला एक जुना मी घरी आणलाय. अकरा ठिपके. मला वाटलं क्षार. दातांवर थर चढतो तसाच. हात शिवशिवले! दात साफ करायचं हत्यार घेतलं आणि चार खरवडून काढले. पाचव्याला टोक लावलं तर तो मिटला.

क्षार कधी मिटतो का?

५ फेब्रुवारी

भिंगातून पाहिलं. प्रत्येक ठिपक्याला एक तोंड, भोवती बारीक बारीक बोटं. प्रवाळाची पिल्लं आहेत ती! आणि मी शहाणीने त्यातली चार बेसिनमध्ये टाकली. दिवसभर हळहळ वाटत राहिली.

पण आली कुठून? टाकीत गुलाबी प्रवाळ एकच. जोडीला कुणी नाही. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "एकटीनेच? बरंय की तिचं. ना नवरा, ना सासू!" वर माझ्याकडे असं काही बघितलं की मला हसू आवरेना.

८ फेब्रुवारी

माशांच्या टाक्यांचं दुकान आहे, तिथे विचारून आले. दुकानदार म्हणाला, दोन कारणं असतात. एक — जागा मानवली की हे प्रवाळ एकटंसुद्धा पिल्लं सोडतं. दुसरं — पाणी बिघडलं, जीव घाबरला, की तोंडं सांगाडा सोडून पळतात आणि मिळेल तिथे चिकटतात. "आईकडे बघा. कुठे साल निघून उघडी पडलीय का?"

घरी येऊन आरशाने सगळीकडून तपासली. कुठेही उघडी नाही. चांगली गुबगुबीत! म्हणजे मानवलंय. नवरा म्हणाला, "पेशंटपेक्षा तिचीच तोंडं जास्त तपासतेस तू." स्वतः लिफ्ट दुरुस्त करतो. न हलणाऱ्या वस्तूचं कौतुक त्याला कसं कळणार!

९ फेब्रुवारी

आज लिहूनच टाकते. हे प्रवाळ मला कुणी दिलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी दवाखान्यात, पेशंट बसतात तिथली टाकी पुसताना त्याची बोटभर फांदी तुटली. तुटली कसली — तोडली! ओल्या गॉजमध्ये गुंडाळून डब्यातून घरी आणली. डॉक्टरबाईंना म्हटलं, मासा धडकला असेल. त्या "असेल" म्हणाल्या. घरी सांगितलं, बाईंनीच दिली.

मागितली असती तर दिलीही असती त्यांनी. तेव्हा तोंड उघडलं नाही, आणि नंतर उघडायची लाज वाटायला लागली.

१६ फेब्रुवारी

एकोणीस झाली! एक तर पंपाच्या नळीवर बसलंय. बाई सहज म्हणाल्या, "आज खुशीत दिसतेस," तर माझ्या हातातला ट्रे पडला. चोराच्या मनात चांदणं!

२२ फेब्रुवारी

चार दिवस दवाखाना बंद होता, बाई परगावी होत्या. आज मी कुलूप उघडलं तर नाकात वासच शिरला. टाकीचा पंप बंद पडलेला. मासे गेले. प्रवाळ पांढरंफटक. हात लावला तर साल सुटून पाण्यात तरंगायला लागली.

बाई आल्या, बघितलं, आणि पेशंटच्या खुर्चीत जाऊन बसल्या. तिथे त्या कधी बसत नाहीत. "दवाखान्याच्या पहिल्या दिवसापासून होतं गं ते," एवढंच म्हणाल्या. पहिल्या पेशंटला मी बाहेर थांबवून ठेवलं.

आता ते फक्त माझ्याकडे आहे. सांगायचं म्हणजे चोरीही सांगायची! अकरा वर्षं अख्खा दवाखाना माझ्यावर सोडून जातात त्या.

२५ फेब्रुवारी

ताट तसंच बाजूला सारलं. सासूबाईंनी खोदून खोदून विचारलं, शेवटी सांगितलं. म्हणाल्या, "केलीस ती केलीस. पण ती बाई तिथे रिकामी टाकी बघत बसलीय आणि तू इथे पिल्लं मोजतेस?" नोकरी गेली तर? "गेली तर दुसरी बघ. दात काय एकाच दवाखान्यात किडतात?"

२७ फेब्रुवारी

एक चांगली फांदी आणि पात्याने अलगद सोडवलेली तीन पिल्लं डब्यात घालून नेली. बाईंना एका दमात सगळं सांगितलं. मासा धडकला नव्हता, हेही. त्यांनी डबा माझ्या हातातून घेतला. भिंगातून कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग नव्या पाण्याच्या टाकीत सगळं स्वतःच्या हाताने ठेवलं. पेशंट आले. दिवसभर "चिमटा", "कापूस", "पुढचा" — बस्स. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. संध्याकाळी निघताना मी "येते" म्हटलं, त्यांनी मान वर केली नाही.

मला फार रडू आलं. आलं ते आलं.

२८ फेब्रुवारी

दवाखाना उघडायच्या आधीच बाईंचा फोन. शिकत असताना त्यांनी दवाखान्यातलं ते प्रवाळ आपल्या सरांच्या टाकीतून न विचारता तोडलं होतं. ओल्या रुमालात. सर आता खूप थकलेत, त्यांची टाकी कधीच रिकामी झाली. "एवढ्या वर्षांत त्यांना सांगायचा धीर झाला नाही गं मला. तू येशील बरोबर?" रविवारी दोघी जातोय. एक पिल्लू घेऊन.