डाव्या बाजूची तक्रार

सोमवार, ३ मार्च. सकाळी सहा.

आजपासून कानाचा रियाज.

येत्या वीस तारखेला कारखान्यात आवाज मोजायचं यंत्र येतं आहे. गेली एकवीस वर्षं आमच्या कारखान्यातला प्रत्येक छताचा पंखा माझ्या कानावरून जातो. मी मान हलवली की पंखा खोक्यात. नाही हलवली की परत दुरुस्तीला. लोक मला कानसेन म्हणतात. कौतुक मला आवडत नाही, पण जे खरं आहे ते नाकारणं हाही अहंकारच.

साहेब म्हणाले, वीस तारखेला तुम्ही आणि यंत्र, दोघांनी तेच दहा पंखे तपासायचे. जो चुकेल त्याने खुर्ची सोडायची. हसत म्हणाले. पण यंत्राची ऑर्डर काही त्यांनी गंमत म्हणून दिलेली नाही. खुर्ची गेली तर मला पॅकिंगला जावं लागेल. खोकी चिकटवायची, पन्नाशीच्या उंबरठ्यावर.

म्हणून म्युझिक प्लेअर घेतला. स्टीरिओ, शर्टाच्या खिशात मावणारा. दुकानदाराने त्यात बासरी भरून दिली. रोज पहाटे देवाचं नाव घेऊन झालं की अर्धा तास ऐकणार. वीस तारखेपर्यंत कानाला विळ्यासारखी धार येईल.

मंगळवार, ४ मार्च

सेटिंग. सोबतची पुस्तिका अकरा भाषांत आहे, आपली एकही नाही. आकडे समजले. आठ तास चार्ज करा, असं असावं. नव्या वस्तूला घाई करू नये, म्हणून सोळा तास केला.

सुरू केल्यावर त्याने भाषा विचारली. मी नम्रपणे मधलं बटण दाबलं. पडद्यावर मुंग्यांच्या रांगा निघाल्यासारखी लिपी आली. दोन तास त्या लिपीत हिंडलो. कुठूनच बाहेर पडता येईना. शेवटी बायको आली, पदराला हात पुसले, तीन बटणं दाबली आणि आपली अक्षरं आली. कधीकधी नशिबाने जमून जातं.

ती अलीकडे फार शांत झाली आहे. जेवताना माझ्या डाव्या हाताला बसते. ओठ हलत असतात, शब्द नसतो. मनातल्या मनात नामस्मरण करत असावी. संगतीचा परिणाम. मी मान डोलावतो, तिला बरं वाटतं.

गुरुवार, ६ मार्च. सकाळी साडेसहा.

पहिलं श्रवण. आवाज वीसपैकी तीनवर ठेवला. इंद्रियांचे लाड करू नयेत.

उजव्या कानात सुंदर बासरी. डाव्यात काही नाही. वायर हलवली, फुंकर मारली. नाहीच.

कामावर जाताना दुकानात गेलो. दुकानदाराने इअरफोनची दोन्ही बोंडं आपल्या कानात घातली आणि काउंटरवर बोटांनी ताल धरला. म्हणाला, काका, दोन्हीकडून झकास वाजतंय की!

मला आमची शाळा आठवली. तपासायला साहेब आले की वर्गातला सर्वांत व्रात्य मुलगा हाताची घडी घालून पहिल्या रांगेत बसायचा. ते गेले की पुन्हा बाकावर उभा. या प्लेअरचा स्वभाव तसाच आहे.

शनिवार, ८ मार्च

शास्त्रीय पद्धतीने प्रयोग केला. डावं बोंड उजव्या कानात, उजवं डाव्यात. काल मेलेलं डावं आज छान वाजलं. काल वाजणारं उजवं आज गप्प!

निष्कर्ष: दोष जागा बदलतो.

कंपनीला पत्र लिहिलं. 'आधी आपलं डावं बिघडलं होतं. आता उजवं बिघडलं आहे, परंतु ते डावीकडे लावल्यावरच.' तीनदा वाचून पाहिलं. मुद्देसूद उतरलं आहे.

रविवार, ९ मार्च

बायकोने ऐकायला मागितला. दोन्ही बोंडं घालून बराच वेळ डोळे मिटून बसली, मान डुलत होती. नवऱ्याने आणलेल्या वस्तूला नावं ठेवणारी बाई नव्हे ती.

मग माझ्याकडे पाहत काहीतरी पुटपुटली आणि माझ्या डाव्या कानाला बोट लावलं. पुन्हा लावलं. तिला कानातलं हवं असावं. एवढ्या वर्षांत तिने काही मागितलं नाही. मी मान डोलावली. तिला केवढा आनंद झाला! लगेच आत जाऊन कुणालातरी फोन केला. सोनारच असणार.

बुधवार, १२ मार्च

दुकानदाराने नवे इअरफोन दिले. तेच. आणखी एक जोडी उघडली. तेच. तिसरी उघडताना तो म्हणाला, काका, प्लेअरसुद्धा बदलून देतो, पण रागावू नका, एकदा कान...

मी तिथेच थांबवलं. म्हणालो, अहो, या कानाने हजारो पंखे पास केले आहेत. त्याने तिसरी जोडी खोक्यात परत ठेवली.

घरी येऊन शांतपणे विचार केला. एका कानाने ऐकणं म्हणजेच एकाग्रता. दोन दारं उघडी ठेवली की मन एकातून शिरतं, दुसऱ्यातून निघून जातं. तेव्हा हा दोष नसून सोय आहे. रियाज असाच चालू ठेवायचा.

आणि साधनेचा अनुभव येतो आहे. पूर्वी डोळे मिटले की शेजारचा कुत्रा, पाण्याची मोटर, जिन्यावरच्या चपला, सगळे चित्तात येऊन बसायचे. गेल्या वर्षभरात जगाचा निम्मा गलका आपोआप विरला. मी कुणाला बोललो नाही. या गोष्टी बोलल्या की जातात.

सोमवार, १७ मार्च

तीन दिवस रियाज नाही. गुरुवारी चार्जर सापडला नाही. शुक्रवारी सापडला, पण उशीर झाला होता. शनिवारी सगळं जुळून आलं, तेव्हा झोप लागली.

सकाळी रस्ता ओलांडताना एक बस डावीकडून आली आणि माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली. ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन दोन्ही हात हलवत होता. ओळखीचा वाटला नाही. मीही हात हलवला.

गुरुवार, २० मार्च. दुपारी चार.

झालं एकदाचं!

यंत्र आलं. दिसायला शिवणयंत्राच्या खोक्याएवढं. बसवायला आलेल्या माणसाने ते नेमकं माझ्या उजव्या हाताला मांडलं. दर दोन सेकंदांनी पीप करतं. मला रोज डावा कान पंख्याकडे करून बसायची सवय, त्यामुळे पीप थेट उजव्या कानात. पण तक्रार केली नाही. उजव्या कानात बोट घालून यंत्राचा अडथळा बंद केला आणि निव्वळ डाव्या कानाने निकाल द्यायचं ठरवलं. मोठ्या माणसाने लहानाला थोडी सूट द्यावी.

दहा पंखे. दहाच्या दहा उत्तम! एकेकाला मान हलवत गेलो. सातवा तर असा की काय सांगू. पाती गरागरा फिरताहेत आणि आवाज म्हणून नाही. इतका सात्त्विक पंखा एकवीस वर्षांत पाहिला नव्हता. यंत्राचा मात्र तोल गेला. लाल दिवा लागला, काटा टोकाला जाऊन आपटू लागला. पॅकिंगची माणसं कानांवर हात ठेवून दारात जमली. साहेबांनीही हात ठेवले. एवढं महागाचं यंत्र सगळ्यांसमोर चुकतंय, त्यांना संकोच वाटणारच.

शेवटी त्या पंख्यातला एक स्क्रू सुटून माझ्या मांडीवर पडला. शुभशकुन मानून खिशात ठेवला.

मग साहेब जवळ येऊन, शब्द सावकाश उच्चारत म्हणाले, कानसेन, दोन दिवस घरी विश्रांती घ्या.

विजेत्यालाच विश्रांती देतात.

शुक्रवार, २१ मार्च

घरी. बायकोला सगळं सांगितलं. स्क्रू दाखवला. तिने कपाळाला हात लावला. मग कॅलेंडरवर उद्याच्या तारखेवर बोट ठेवून चप्पल घालण्याची खूण केली. सोनाराने उद्याची वेळ दिली असावी. चांगल्या दिवशीच जातो आहोत.

शनिवार, २२ मार्च. सकाळी अकरा वाजता घडलं, लिहायला संध्याकाळ झाली.

सोनाराकडे पांढरे पडदे होते. भिंतीवर टेबलाएवढं कानाचं चित्र, आतल्या नळ्यांसकट. मला वाटलं, आजकालच्या जाहिराती. खुर्चीत मलाच बसवलं तेव्हा शंका आली.

डॉक्टर तरुण बाई होत्या. कपाळाला दिवा. डाव्या कानात डोकावल्या आणि म्हणाल्या, काका, हे काय साठवून ठेवलंय? लांब चिमट्याने आधी कापसाचा बोळा काढला. तेलात भिजवलेला. गेल्या वर्षीच्या थंडीत सर्दी झाली होती तेव्हा मीच घातला होता, रात्रीपुरता. बोळ्यामागून वर्षभराचा मळ निघाला, काळा, शेंगदाण्याएवढा.

आणि एकदम जग आत शिरलं. बाहेरचे हॉर्न, नळ, कुणाचं तरी खोकणं, माझाच श्वास. वर पंखा टक्‌ टक्‌ करत होता. मान वर करून पाहिलं. आमच्याच कारखान्याचा, गेल्या वर्षीचं मॉडेल. म्हणजे मीच पास केलेला.

मग डावीकडून वर्षभरात प्रथमच बायकोचा आवाज आला. चांगला खणखणीत आहे, मी विसरलोच होतो. म्हणत होती, वर्षभर घसा फोडून सांगतेय, अहो, कान दाखवून या, कान दाखवून या. दर वेळी नंदीबैलासारखी मान हलवायची आणि उठून देवासमोर जाऊन बसायचं! काखेत कळसा आणि पत्रं मात्र कंपनीला!

म्हणजे नामस्मरण नव्हतं ते.

डॉक्टरांनी सगळं ताटलीत ठेवून मला दाखवलं. माझी चित्तशुद्धी, माझी एकाग्रता, विरलेला गलका. वर्षाची साधना शेंगदाण्याएवढी. मी हात जोडले. डॉक्टरांना वाटलं, त्यांना जोडले.

रविवार, २३ मार्च. पहाट.

प्लेअर लावला. तीनवरच. दोन्हीकडून वाजला.

ती एक बासरी नाहीच. डावीकडे दुसरी आहे. उजवी काहीतरी विचारते, डावी उत्तर देते. इतके दिवस मी नुसते प्रश्नच ऐकत होतो, बोंडं उलटी घातली त्या दिवशी नुसती उत्तरं, आणि मला वाटत होतं की वाजवणारा मध्येमध्ये ध्यानस्थ होतो.

शेजारचा कुत्रा पूर्ण वेळ भुंकला. देवाचं नाव तीनदा चुकलं, पुन्हा पहिल्यापासून घेतलं. बायको म्हणाली, आता चहाला चला. ऐकू आलं. गेलो.

सोमवार, २४ मार्च. संध्याकाळी सहा.

साहेबांना खरं ते सगळं सांगितलं. बोळ्यासकट. बसमध्ये ठरवलं होतं की सांगताना आवाज जड करायचा, पण अर्ध्यातच ते हसू लागले आणि मलाही आवरेना. डोळे पुसत म्हणाले, बरं, पुन्हा बसा.

तेच दहा पंखे. यंत्राने तीन नापास केले. मी दहाच्या दहा. दोन्ही कान उघडे झाल्यापासून मला कुठलाच पंखा गप्प वाटत नाही. कुठे घरघर, कुठे टकटक, काहीच नसेल तर वारा. साहेब म्हणाले, आधी एकही अडवत नव्हता, आता एकही सोडणार नाही. कारखाना चालवायचाय मला, कानसेन.

तेव्हा पॅकिंग. आजपासूनच. पहिलं काम खोकी चिकटवायचं नाही, उघडायचं. गिऱ्हाइकांकडून परत आलेले गेल्या वर्षभराचे पंखे. दिवसभरात सदतीस उघडले. प्रत्येक खोक्यावर वळणदार अक्षरांत 'आवाज उत्तम', खाली माझी सही. पॅकिंगवाले चांगले आहेत, फार चिडवलं नाही. एकानेच विचारलं, कानसेन, यातले सात्त्विक कुठे ठेवू?

सुटताना तपासणीच्या खोलीत डोकावलो. यंत्र माझ्या खुर्चीवर ठेवलं आहे. खाली माझी उशीसुद्धा. कुणी नाही असं पाहून त्याला नमस्कार केला.

ते पीप म्हणालं. दोन्ही कानांनी ऐकलं.